आधी आईशी बोला, मग ट्रंक उघडा: घरातल्या जुन्या वस्तू आणि आठवणी कशा जपायच्या

माझ्या माहेरी सांगलीला एक पितळी पेढेघाटी डबा आहे. झाकणावर टिंबाटिंबांच्या अक्षरात आईचं नाव, खाली "मामाकडून सप्रेम भेट" आणि १२-५-६३ अशी तारीख. भांड्यांच्या दुकानाबाहेर बसलेला माणूस नाव घालून द्यायचा ना, तसलं. आईला तीन मामा. चार वर्षांपूर्वी मी सहज विचारलं की हा कुठल्या मामानं दिला, तर झाकण हातात फिरवत म्हणाली, "धाकट्यानं. मोठ्यानं घागर दिली होती, ती बहात्तरच्या दुष्काळात मोडीत घातली." आणि मग घागर घेऊन बाजारात कोण गेलं, किती पैसे आले, त्यातून काय काय आणलं, असं अर्धा तास बोलत होती. मी रेकॉर्ड केलं नाही. गेल्या दिवाळीत परत विचारलं तर डब्याकडं बघत म्हणाली, "कुठला मामा गं?"

डबा अजून लख्ख आहे. घागरीचे किती पैसे आले ते आता कुणालाच माहीत नाही.

तेव्हापासून मी हे काम जरा नेटानं करायला लागले, आधी आमच्या घरचं, मग मावशीकडचं, मग दोन मैत्रिणींकडचं. त्यात ज्या चुका झाल्या आणि जे शिकले ते इथं सविस्तर लिहितेय. बहुतेक लोक सुरुवात स्कॅनरपासून करतात. माझं म्हणणं आहे की स्कॅनर सगळ्यात शेवटी, कारण फोटो अजून दहा वर्षं कपाटात राहू शकतो, पण तो फोटो कुणाचा हे सांगणारं माणूस ८१ वर्षांचं आहे.

पहिलं काम: माणसाला बोलतं करणं

"तुझ्या लहानपणीचं काहीतरी सांग" असं म्हटलं की कुणीच काही सांगत नाही. हातात वस्तू द्या. फोटो, अडकित्ता, जुनी लग्नपत्रिका, काहीही. आणि "आठवतंय का?" असं विचारू नका. ज्याची स्मृती कमी होत चाललीय त्याला तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि माणूस गप्प होतं. त्याऐवजी "हे कशाला वापरायचे?", "हिच्या शेजारी कोण उभंय?" असं विचारा.

साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हाताऱ्या माणसांना जास्त येतात, यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. आणि विसरभोळेपणाचा आजार असला तरी बऱ्याचदा कालपरवाचं आधी जातं, जुनं मागे राहतं. म्हणजे माझ्या आईसाठी १९५४ ते १९७४ हा काळ. शाळा, पहिली नोकरी, लग्न, पहिलं बाळंतपण, नवं बिऱ्हाड, प्रश्न त्यातलेच काढायचे.

सगळ्यात जास्त उपयोग मला झाला तो घराच्या नकाशाचा. मोठा कागद घ्यायचा आणि जुन्या वाड्याचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्यायचा, ओटी कुठं, माजघर कुठं, न्हाणीघर, परसातला आड, जातं कुठं होतं, पाहुणे कुठं झोपायचे. मावशी आधी म्हणाली मला काही आठवत नाही. पण माजघरातल्या कोनाड्यापाशी तिची पेन्सिल थांबली आणि तिथं काय ठेवलेलं असायचं इथून जी सुरुवात झाली ती पाऊण तास चालली. एकेका खोलीत माणसं बसलेली असतात, खोली आली की ती पण येतात.

तारखा विचारू नका, कुणाला सन आठवत नाही. घटना विचारा. पानशेतच्या आधी का नंतर (१२ जुलै १९६१)? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू कुठं होतीस (११ डिसेंबर १९६७)? दुष्काळात मिलो (रेशनवरची परदेशी लाल ज्वारी) खाल्ला तेव्हा दादा झाला होता का? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा आपण कुठल्या घरात होतो? मुंबईकरांकडं गिरणी संप (१९८२), लातूर-धाराशिवकडं किल्लारी (३० सप्टेंबर १९९३). अशा तीन-चार खुंट्या मिळाल्या की बाकीच्या आठवणी त्यांच्या आगेमागे लावता येतात.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेलं असताना फोन येतो. हातभर अंतरावर, खाली घडी घातलेला टॉवेल, त्यावर मोबाइल, म्हणजे टेबलावरचे आवाज येत नाहीत. पंखा बंद. हे उन्हाळ्यात अवघड आहे, मग सकाळी बसा, तसंही त्यांचं डोकं सकाळी जास्त ताजं असतं. २०-२५ मिनिटं पुरे, दमवू नका. सुरुवातीला तुम्ही स्वतः मोठ्यानं बोला: आज तारीख अमुक, आपण सांगलीच्या घरात आहोत, आई बोलतेय. आणि रेकॉर्ड करतोय हे त्यांना सांगून करा, चोरून नको. जमिनीचे वाद, कुणाचं मोडलेलं लग्न, असलं निघालं आणि त्या म्हणाल्या बंद कर, तर लगेच बंद करा.

चूक दुरुस्त करायला जाऊ नका. आई म्हणते आत्याचं लग्न मिरजेला झालं, काका म्हणतात सांगलीतच, वाद घालू नका, दोन्ही लिहा आणि पुढं कोण म्हणालं ते आणि तारीख टाका. आठवण दर वेळी सांगताना थोडी बदलते, ते खोटं बोलणं नाही, माणसाची स्मृती तशीच चालते.

गाणी, ओव्या, पाळणे, उखाणे, भोंडल्याची गाणी विसरू नका. बोलायला अडखळणारी बाई ओवी अख्खी म्हणते हे मी स्वतः पाहिलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर गेल्या. त्या म्हणणाऱ्या बायकांना ओव्या आधीपासून येतच होत्या, फक्त विचारायला कुणीतरी जावं लागलं.

दुसरं: ट्रंक उघडताना

उघडल्या उघडल्या सगळं जमिनीवर ओतू नका. मी तेच केलं आणि अजून हळहळते. कुठली पाकिटं एकत्र बांधलेली होती, कुठल्या साडीच्या घडीत कुठलं पत्र होतं, ही पण माहितीच असते. त्यामुळं झाकण उघडलं की वरून मोबाइलवर एक फोटो, एक थर काढला की परत फोटो. पाकिटातलं त्याच पाकिटासोबत ठेवायचं. मोठी माणसं जुने कागद रुमालात बांधून ठेवायची, तो रुमाल पण फेकू नका, त्यावर कधीकधी लिहिलेलं असतं.

मास्क लावा, जुन्या बुरशीचा आणि कसरीचा त्रास होतो. रबरबँड, टाचण्या, गंजलेल्या स्टेपल आधी काढायच्या, गंज कागद खातो. धूळ नव्या मऊ ब्रशनं (चित्रकलेचा चपटा ब्रश चालतो) हलक्या हातानं झाडायची. ओला कपडा नाही, काच पुसायचं लिक्विड तर अजिबात नाही.

आणि पहिल्या वर्षी काही टाकायचं नाही. दिवाळीच्या साफसफाईत जेवढ्या आठवणी रद्दीत आणि बोहारणीच्या बोचक्यात गेल्यात त्याला हिशोब नाही. एकसारखे चार फोटो असतील, नुसत्या डोंगराचे असतील, ते पुढच्या वर्षी निवांत काढा.

फोटो

फोटो कधीचा हे ओळखायच्या काही खुणा सांगते. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, गाव कळतं. नागमोडी कडा आणि पांढरी बॉर्डर बहुतेक ५०-६०च्या दशकातली. फोटोत गाडी असेल तर नंबरप्लेट बघा, एमएच असेल तर १९८९ नंतरचा. पत्राच्या पत्त्यावर पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पत्रिकेवर शके असेल तर त्यात ७८ मिळवा, पौष-माघातलं लग्न असेल तर बऱ्याचदा ७९ मिळवावे लागतात.

नाव मागेच लिहायचं पण बॉलपेननं नाही, दाबून लिहिलं की पुढून उमटतं. मऊ पेन्सिल, टूबी किंवा फोरबी, कडेला, फोटो सपाट काचेवर पालथा ठेवून. नव्वदच्या दशकातल्या गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल चालत नाही, ते पाकिटात घालून पाकिटावर लिहा. आणि नुसतं "काकू" लिहू नका, तीस वर्षांनी वाचणाऱ्याला कुणाची काकू ते कळायला हवं. पूर्ण नाव, माहेरचं आडनाव पण.

८०-९०च्या दशकात आले ते चिकट पानांचे अल्बम, वर पारदर्शक प्लास्टिक असलेले, ते फोटोंचे वैरीच. डिंक पिवळा पडतो आणि फोटो तिथंच घट्ट बसतो. आधी अख्ख्या पानाचा फोटो काढून ठेवा. मग दात साफ करायचा फ्लॉसचा धागा फोटोच्या एका कोपऱ्याखाली घालून दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू पुढं न्या. निघत नसेल तर सोडा, पानासकट स्कॅन करा. फ्रेममध्ये काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करायचा.

घरच्या प्रिंटरवरचा स्कॅनर चालतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते), पासपोर्टएवढ्याला १२००. चार बाय सहाचा फोटो ६०० वर केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, मोठी प्रिंट निघते. मागची बाजू पण स्कॅन करा, हे लोक हमखास विसरतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडत नाही अशा उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल अगदी समांतर धरून. निगेटिव्हच्या पट्ट्या असतील तर जपून ठेवा, प्रिंट उडाली तरी त्यातून परत निघते.

रंगीत फोटोंना आधी हात घाला, ब्लॅक अँड व्हाइट नंतर. उलट वाटेल, पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदी असते, रंगीत फोटोतले रंग जास्त लवकर उडतात. आमच्याकडं आईच्या लग्नाचे फोटो अजून कडक आहेत आणि माझ्या मुंजीएवढ्या भावाचे ८६ सालचे गुलाबी होऊन गेलेत.

भिजलं तर

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या खालच्या मजल्यात पाणी आलं. अल्बम कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर आम्ही काय केलं, गच्चीवर उन्हात टाकले. फोटो एकमेकांना चिकटलेलेच वाळले, ओढले तसे वरचा पापुद्रा निघून आला, आज्जीचा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून राहिला. साधारण चाळीस फोटो असे डोळ्यांदेखत गेले. चिपळूण, कोल्हापूर, मुंबई, ज्यांच्याकडं पाणी येतं त्या सगळ्यांनी हे नीट वाचा.

भिजलेले फोटो ओले आहेत तोवरच वेगळे करायचे, वाळू द्यायचे नाहीत. परातीत स्वच्छ गार पाणी, त्यात थोडा वेळ ठेवले की बरेच आपोआप सुटतात. पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही. मग पांढऱ्या सुती कापडावर, तोंड वर करून, सावलीत, पंख्याचा वारा थेट नको. वर्तमानपत्रावर नाही, शाई लागते. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, त्यामुळं घर आवरायचं, चिखल काढायचा आणि वेळच नाही अशी अवस्था असेल (असतेच) तर फोटोंमध्ये बटरपेपर घालून प्लास्टिकच्या पिशवीत फ्रीजरमध्ये टाका. स्वतःच्या घरी लाईट नसेल तर नातेवाइकांकडं. तिथं ते महिनोन् महिने थांबतात आणि नंतर थोडे थोडे काढून करता येतात.

पत्रं, कागद

अंतर्देशीय पत्रं घडीवर फाटतात, एकदा उलगडली की परत घडी घालू नका, सपाट ठेवा. लॅमिनेशन करू नका, कितीही मोह झाला तरी, ते परत निघत नाही. सेलोटेप पण नको, तिचा डिंक कागदात उतरतो. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, त्या कागदात ॲसिड असतं, शेजारच्याला पण पिवळं करतं. तार असेल तर खास जपा, जुलै २०१३ मध्ये ती सेवाच बंद झाली. मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची, आमच्या आजोबांच्या हस्ताक्षरातलं तेवढंच उरलंय: "पैसे पाठवले. पाऊस नाही. तब्येत जपणे."

नवीन प्लास्टिकचा वास येणाऱ्या फाइली (पीव्हीसी) वापरू नका. ॲसिड-फ्री पाकिटं ऑनलाइन मिळतात, नाही जमलं तर धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून, न गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात.

मोडी लिपीतले कागद निघाले तर घाबरू नका आणि टाकू तर नकाच. १९५० च्या आसपासपर्यंत घरोघर मोडी लिहायचे, त्यामुळं खरेदीखत, देणीघेणी, बाळाच्या जन्माची नोंद, काहीही असू शकतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१० पासून) आहे, मोडी शिकवणारे वर्ग बऱ्याच गावांत होतात, तिथं वाचून देणारे भेटतात. आणि वंशावळ हवी असेल तर तुमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची चौकशी करा, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पण पिढ्यान् पिढ्यांची नावं सापडतात, कधी पणजोबांची सहीसुद्धा.

कॅसेट

हे सगळ्यात घाईचं. कॅसेटमधला आवाज कमी होत जातो आणि वाजवायला मशीनच फारशी उरलेली नाहीत, व्हिडिओ कॅसेट वाजवणारे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी तर २०१६ मध्ये थांबली. ऑडिओ कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे टॅब आधी मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. आतल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराकडं द्या. बरी असेल तर प्लेअरचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून यूएसबी ऑडिओ कार्डाला वायर आणि कंप्युटरवर ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. वेव्ह फाइल ठेवा, तासाला साधारण ६०० एमबी होतात. मागचा आवाज "साफ" करायच्या मागे लागू नका. आमच्या एका कॅसेटमध्ये आजोबांच्या भजनामागे आज्जी कुणाला तरी "दूध उतू गेलं बघ" म्हणतेय. आज्जीचा आवाज घरात तेवढाच आहे.

भांडी आणि कापड

नाव घातलेलं भांडं म्हणजे घरातली लेखी नोंद आहे, नाव, नातं, प्रसंग, तारीख. अक्षरं पुसट झाली असतील तर टॉर्च अगदी आडवा धरा, टिंबांच्या सावल्या पडून वाचता येतं, किंवा थोडी टाल्कम पावडर बोटानं चोळा. वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं घासलं तर ठसा पण मिळतो. चिंच, पितांबरी लावून रोज घासलं की तीच अक्षरं झिजतात, त्या जागी नुसतं मऊ कापड.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर दिवे, अडकित्ते, कुलपं, असल्या घरगुती वस्तूच जास्त दिसतील. दिनकर केळकरांनी आयुष्यभर त्या गोळा केल्या आणि संग्रहाला लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं.

जरीची साडी वर्तमानपत्रात आणि प्लास्टिकमध्ये नको, धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या धोतरात. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर घडीवरच फाटते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत. गोधडी असेल तर तिच्या प्रत्येक तुकड्याबद्दल आईला विचारा, हा कुणाचा परकर, ही कुणाची साडी, आणि बोट ठेवत ठेवत व्हिडिओ काढा.

ठेवायचं कुठं

माळ्यावर नाही, तिथं उन्हाळ्यात भट्टी असते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून नाही. खालचा कप्पा नाही, कारण वर सांगितलंच. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या घरी. मी एक हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक भावाकडं नाशिकला ठेवलीय. सीडी आणि पेनड्राइव्हवर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की बारीक होतो. फाइलचं नाव सनापासून सुरू करा, १९६३, मग गाव, मग प्रसंग, सन नक्की नसेल तर "१९६० चं दशक". सोबत एक साधी एक्सेल शीट, कोण, कुठं, कधी, कुणी सांगितलं. दर पाडव्याला हार्डडिस्क उघडून चार फाइली चालतात का बघते.

आईसोबत मी आता दर रविवारी सकाळी बसते. परवा तोच डबा परत दिला हातात, काही विचारलं नाही. तिनं झाकण फिरवलं, उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "यात डिंकाचे लाडू असायचे. तुझ्या वेळी." मामा आला नाही, पण लाडवात काय काय घालायचे ते मापासकट सांगितलं. ११ मिनिटं १० सेकंद. फाइलला नाव दिलंय, भावाला पाठवलीय.